बोल्ट निघत नाही तेव्हा वेळ कुणाचा जातो?

जेट इंजिन उघडायला घेतलं की त्यातले बहुतेक बोल्ट निमूटपणे निघतात. पान्हा लावला, 'कट्' असा आवाज आला, बोल्ट सैल झाला, ट्रेमध्ये टाकला, पुढचा. एका इंजिनात असे बोल्ट शेकड्यांनी असतात, त्यामुळे हात यंत्रासारखे चालू लागतात. आणि मग एक बोल्ट येतो, जो निघत नाही.

या एका बोल्टबद्दल मला लिहायचंय. मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत आलेल्या असंख्य मराठी मुलांपैकी एक. त्यामुळे इंजिनं मी उघडत नाही, माझा एक वर्गमित्र उघडतो. तो विमानांच्या इंजिनांचं ओव्हरहॉल करणाऱ्या शॉपमध्ये आहे. आम्ही फोनवर बोलतो तेव्हा तो पगार, मॅनेजर आणि जाम झालेले बोल्ट या तीन विषयांवर बोलतो, आणि तिसऱ्यावर सगळ्यात जास्त. त्याचं ऐकता ऐकता मला वाटायला लागलं की हा प्रश्न तांत्रिक जेवढा आहे तेवढाच नैतिकही आहे. मराठीत 'पेच' म्हणजे स्क्रू आणि 'पेच' म्हणजे सुटत नाही असा प्रसंग. हे दोन अर्थ एका शब्दात आले ते बहुधा ज्यांनी दोन्ही सोडवून पाहिले त्यांच्यामुळे.

प्रश्न साधा आहे. जोर किती लावायचा, कुठे थांबायचं, आणि जोर लावून काही बिघडलंच तर ते कुणाला सांगायचं?

आधी बोल्ट अडकतो का ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहील. आपण बोल्ट आवळतो तेव्हा खरं तर तो ताणतो. बोल्ट म्हणजे एक फार कडक स्प्रिंग. ताणलेला असतो म्हणून तो दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. कॉलेजात एक ठोकताळा शिकवतात: पान्ह्यावर लावलेल्या टॉर्कपैकी साधारण ५० टक्के बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि उरलेल्या १० टक्क्यांतून तो ताण मिळतो ज्यासाठी हा सगळा खटाटोप. म्हणजे नव्या कोऱ्या, स्वच्छ बोल्टमध्येसुद्धा आपली बहुतेक मेहनत घर्षणाशीच झगडण्यात जाते. आता हा बोल्ट इंजिनाच्या गरम भागात बसवा. प्रत्येक उड्डाणात तो तापतो, प्रत्येक लँडिंगनंतर थंड होतो, असं हजारो वेळा. आट्यांवर ऑक्साइड साचतं. कुठे तेल झिरपलं असेल तर ते जळून त्याचा कडक कोळसा होतो. निकेलच्या मिश्रधातूंमध्ये तर दोन पृष्ठभाग दाबाखाली घासले गेले की एकमेकांत रुतून बसतात, जणू वेल्डिंग केलंय. हे होऊ नये म्हणून गरम भागातल्या नटांना कधी चांदीचा मुलामा देतात, आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावतात. तरीही काही अडकतातच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे जळल्यामुळेच पीळ आणखी घट्ट बसतो.

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एक मामा होते. कागदोपत्री लॅब असिस्टंट, पण सगळ्यांचे मामाच. जुन्या डिझेल इंजिनाचा नट जाम झाला की आम्ही पोरं पान्ह्याच्या टोकाला पाईप अडकवून लोंबकळायला तयार असायचो. मामा पाईप काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "अरे, आधी थोडा आवळ." सोडायचा असलेला नट आधी आवळायचा? पण त्यात तथ्य होतं. आवळण्याच्या दिशेला किंचित हलला तरी गंजाची पकड तुटते, मग उलट फिरवता येतो. ते तेल सोडायचे आणि चहाला जायचे. परत येऊन नटाच्या अंगावर हातोडीने हलके ठोके मारायचे, पुन्हा तेल. त्यांच्या हातून नटाचं डोकं गोल झालेलं मी पाहिलं नाही. आम्हाला ते जादू वाटायचं. आता विचार केला की लक्षात येतं, त्यांच्याकडे चहाला जायची मुभा होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

विमानाच्या इंजिनाच्या शॉपमध्ये उपाय साधारण याच जातीचे असतात: तेल मुरवणं, बाहेरचा भाग तापवणं, हलके हादरे देणं, शेवटी नट कापणं किंवा बोल्ट ड्रिल करून काढणं. स्टड आतच तुटला तर ठिणग्यांनी धातू झिजवणारं ईडीएम मशीन लावतात. फरक इतकाच की यातलं कुठलं कधी करायचं ते मॅन्युअल ठरवतं आणि मॅन्युअलबाहेर जायचं तर वरून लेखी परवानगी लागते. हे बाहेरून बघणाऱ्याला नोकरशाही वाटतं. पण काही नियम ऐका. गरम भागाच्या सुट्या तुकड्यावर साध्या पेन्सिलने खूण करायची नाही, कारण ग्रॅफाइटमधला कार्बन तापल्यावर धातूत शिरतो आणि तिथून भेग सुरू होऊ शकते. कॅडमियमचा मुलामा असलेलं हत्यार टायटॅनियमला लावायचं नाही, कारण कॅडमियम गरम टायटॅनियमला ठिसूळ करतं. पेन्सिलीची एक रेघ! ती पुसली जाते, दिसत नाही, आणि काही हजार तासांनी तिचा परिणाम होऊ शकतो. जिथे पेन्सिलीला इतकं घाबरतात, तिथे पाईप लावून लोंबकळणं म्हणजे काय असेल याचा अंदाज करा.

आणखी एक गोष्ट मला मित्राने सांगितली तेव्हा सगळं चित्र उलटं झालं. अडकलेला बोल्ट वाचवायचा नसतो. तो बहुतेक वेळा तसाही फेकून द्यायचा असतो, जागी नवा येणार असतो. वाचवायचं असतं ते भोक. म्हणजे ज्यात तो अडकलाय तो फ्लँज, ते केसिंग. बोल्ट स्वस्त, केसिंग महाग, आणि केसिंगवरचा ओरखडा इंजिनाच्या पुढच्या आयुष्यभर सोबत राहणार. आपला राग मात्र बोल्टवर असतो. 'हट्टी', 'मुजोर', 'साला हलत नाही'. बोल्ट काही हट्टी नसतो. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की हजारो तास सुटायचं नाही, तो ते ऐकतोय. आपल्यासमोर जे घडतंय ते त्याने काम नीट केल्याचं लक्षण असू शकतं.

इथे बऱ्याच जणांना एक पुस्तक आठवेल. रॉबर्ट पिर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स', १९७४ सालचं. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये त्याची एक तरी मळकी प्रत फिरत असतेच. त्यात मोटरसायकलच्या एका झाकणाचा स्क्रू अडकतो, त्याची खाच खराब होते, आणि पिर्सिग त्यावर पानंच्या पानं लिहितो. त्याचा मुद्दा थोडक्यात असा की अडकणं ही वाईट गोष्ट नाही. त्या क्षणी तुमची सगळी तयार उत्तरं संपतात आणि तुम्ही पहिल्यांदा त्या स्क्रूकडे खरं पाहता. मन शांत असेल तर काम नीट होईल. विशीत वाचलं तेव्हा मला हे फारच पटलं होतं. अजूनही अर्धं पटतं.

उरलेलं अर्धं पटत नाही, कारण पिर्सिगची मोटरसायकल त्याची स्वतःची आहे आणि तो सुट्टीवर निघालाय. त्याचा स्क्रू दोन तास अडकला तर दोन तास त्याचेच जातात. त्याला मनाशी झगडायचं आहे. शिफ्ट इनचार्जशी, ग्राहक एअरलाईनशी, भाड्याने आणलेल्या बदली इंजिनाच्या रोजच्या बिलाशी झगडायचं नाही. शॉपमधला माणूस दुसऱ्याच्या वेळेत, दुसऱ्याच्या इंजिनावर, तिसऱ्याच्या जिवासाठी काम करतो. त्याला 'शांत हो, धीर धर' असं सांगणं म्हणजे रिकाम्या खिशाच्या माणसाला दानधर्म शिकवणं. धीर हा गुण आहेच. पण पगारी कामात तो आधी वेळ असतो, आणि तो वेळ कुणीतरी विकत घेतलेला असावा लागतो.

हे मी उगीच मोठं करून सांगत नाहीये. २५ मे १९७९ ची गोष्ट आहे. शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून अमेरिकन एअरलाईन्सचं फ्लाइट १९१, एक डीसी-१० विमान, लॉस एंजेलिसला निघालं. धावपट्टीवरून नाक उचलतानाच डाव्या पंखाचं इंजिन, त्याला पंखाशी जोडणाऱ्या पायलॉनसकट, सुटलं, पंखावरून मागे उलटलं आणि खाली पडलं. जाताना त्याने हायड्रॉलिकच्या नळ्या तोडल्या. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेचे काही स्लॅट आत सरकले, त्या पंखाची उचल गेली, विमान डावीकडे कलंडलं. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे २ असे २७३ लोक गेले.

कारण आठ आठवडे जुनं होतं. मार्चच्या शेवटी तुल्सामधल्या मेंटेनन्स बेसवर याच विमानाचं इंजिन आणि पायलॉन उतरवलं होतं, कारण पायलॉनची बेअरिंग बदलायची होती. विमान बनवणाऱ्या मॅक्डोनेल डग्लसची पद्धत अशी: आधी इंजिन काढा, मग पायलॉन वेगळा काढा. एअरलाईनच्या लोकांना एक सोपी वाट दिसली. इंजिन आणि पायलॉन एकत्रच फोर्कलिफ्टवर घ्यायचे. यात दर विमानामागे सुमारे २०० मनुष्य-तास वाचत होते. उत्पादकाने सांगितलं होतं की आम्ही याला प्रोत्साहन देणार नाही, यात जोखीम आहे. पण एअरलाईनला अडवण्याचा अधिकार उत्पादकाकडे नव्हता.

आता तो हँगर डोळ्यांसमोर आणा. सुमारे सहा टनांचा ऐवज फोर्कलिफ्टच्या दातांवर आणि जिथे तो पंखाला भिडतो तिथलं अंतर अगदी थोडं. काम अर्धं झालं आणि शिफ्ट संपली. फोर्कलिफ्ट तिथेच, बंद. बंद फोर्कलिफ्टचा हायड्रॉलिक दाब हळूहळू उतरतो. तो उतरला, दात जरासे खाली आले. पुढची शिफ्ट आली तेव्हा पायलॉन पंखाशी अडकून बसला होता. म्हणजे आपलाच बोल्ट, फक्त सहा टनांचा. त्यांनी फोर्कलिफ्ट पुन्हा हलवून, जागेवर आणून काम पूर्ण केलं. आधीच्या खाली सरकण्यात नुकसान झालं की नंतरच्या हलवण्यात, हे नक्की सांगता आलं नाही. पण पायलॉनच्या मागच्या टोकाच्या बल्कहेडवर सुमारे १० इंचांची भेग पडली. कुणाला दिसली नाही. पुढच्या आठ आठवड्यांत प्रत्येक उड्डाण तिला थोडं थोडं ताणत गेलं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतं ते हे की नुकसान काढताना झालं. आपण समजतो की चूक होते ती जोडताना, बनवताना. उघडणं, काढणं म्हणजे निरुपद्रवी काम, कुणीही करावं, नवशिक्यांना द्यावं. माझ्या धंद्यातही तसंच आहे, जुना कोड काढून टाकायचं काम नव्या पोरांना देतात. पण काढणारा माणूस अशा रचनेत हात घालतो जी त्याने बांधलेली नाही, जिचा इतिहास त्याला माहीत नाही, आणि जी त्याच्यानंतर पुन्हा उडणार आहे. त्याच्यावर तीन गैरहजर माणसांची जबाबदारी असते: आवळून गेलेला, पुढे जोडणारा, आणि सीट क्रमांक अमुकवर बसणारा.

दुसरं टोचणारं आहे ते याहून कमी लोकांना माहीत आहे. अपघातानंतर अमेरिकेच्या विमान प्रशासनाने ६ जूनला सगळ्या डीसी-१० ची उड्डाणं थांबवली, ती १३ जुलैपर्यंत. तपासणीत त्याच प्रकारच्या भेगा इतर विमानांतही सापडल्या. आणि कळलं की काँटिनेंटल एअरलाईन्समध्ये, जिथे हीच फोर्कलिफ्टची पद्धत वापरत होते, आधीच दोनदा असं झालं होतं. डिसेंबर १९७८ मध्ये एकदा आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये एकदा. तिथल्या लोकांना तेव्हाच भेग दिसली होती. त्यांनी ती दुरुस्त केली, कारण 'मेंटेनन्समधली चूक' असं लिहिलं आणि पुढे गेले. सरकारी यंत्रणेला कळवायला हवं असं ना एअरलाईनला वाटलं, ना उत्पादकाला. त्या वेळच्या नियमांचा अर्थ त्यांनी तसा लावला होता. शिकागोच्या तीन महिने आधी ही माहिती जगात होती. फक्त ज्याला लागणार होती त्याच्या हातात नव्हती.

म्हणून मला वाटतं की अडकलेल्या बोल्टचा नैतिक प्रश्न 'जोर लावायचा की नाही' हा नाहीच. जोर लावावा लागतो. मॅन्युअलच सांगतं की एका मर्यादेनंतर कापा, ड्रिल करा. धीराचीही अती होते. सहा तास तेल चोळत बसणारा माणूस सज्जन असेलच असं नाही, कधी कधी तो फक्त निर्णय टाळत असतो. प्रश्न आहे तो जोर कळवून लावला की गुपचूप. कापलेला बोल्ट आणि त्याची नोंद, ही साधी दुरुस्ती. तोच बोल्ट पाईप लावून तोडला, भोकाला ओरखडा पडला, त्यावर नवा बोल्ट घालून टॉर्क देऊन वर सही केली, तर तो खोटेपणा. दोन्हीत स्नायूंचा जोर कदाचित सारखाच असेल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मी आधी म्हटलं वेळ विकत घेणारा जबाबदार, आता म्हणतोय गुपचूप करणारा जबाबदार. मग नक्की कोण? व्यवस्थेवर ढकललं की माणूस सुटतो, माणसावर ढकललं की मॅनेजर सुटतो. आपल्याकडे दुसरं जास्त होतं. काही झालं की सगळ्यात खालच्या पायरीवरचा निलंबित होतो आणि त्याच संध्याकाळी पेपरात त्याचा फोटो येतो.

यावर १९९० चं एक उदाहरण मला फार दिवस सतावतंय. इंजिनाचं नाही, पण बोल्टचंच. १० जूनला ब्रिटिश एअरवेजचं फ्लाइट ५३९० बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं आणि १७,००० फुटांच्या वर कॅप्टनसमोरची काच उडून गेली. कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर ओढले गेले. केबिन क्रूने त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचले. काच २७ तास आधी बदलली होती. तिच्या ९० बोल्टपैकी ८४ व्यासाने किंचित लहान होते आणि उरलेले ६ लांबीने कमी. बदलणारा माणूस कामचुकार नव्हता. तो शिफ्टचा मॅनेजर होता, माणसं कमी होती, रात्रीची वेळ, म्हणून त्याने ते काम स्वतः अंगावर घेतलं. जुने बोल्ट काढले आणि नजरेने जुळवून नवे घेतले. आता गंमत बघा, ही गंमत म्हणायची तर. काढलेले जुने बोल्टसुद्धा चुकीचेच होते, लांबीला कमी. आधीच्या कुणीतरी बसवले होते आणि ते टिकले होते. जे निघालं तेच बरोबर, असं त्याने धरलं. आवळून गेलेल्याचा मान राखावा असं मी वर सुचवलं, पण त्या मानालाही मर्यादा आहे. बोल्ट आपल्याला सांगतो की तो इथे होता. तो इथे असायला हवा होता का, ते सांगत नाही.

आणि त्या कामाची दुसऱ्या कुणी तपासणी केली नाही, कारण काचेसाठी दुसरी तपासणी नियमात नव्हती. दुसरे डोळे म्हणजे पुन्हा वेळ, आणि वेळ म्हणजे पुन्हा कुणाचातरी पैसा. त्या माणसाची जबाबदारी मी शून्य म्हणत नाही. पार्ट कॅटलॉग उघडून क्रमांक बघणं त्याच्या हातात होतं. पण आळशी माणसाच्या आणि थकलेल्या कष्टाळू माणसाच्या चुकीला आपल्याकडे एकच शब्द आहे याचा मला त्रास होतो.

मला सापडलेलं उत्तर पूर्ण नाही, पण सांगतो. वेळ देणं हे वरच्याचं कर्तव्य आहे आणि ते खालच्याच्या सद्गुणांनी भरून निघत नाही. खरं सांगणं हे खालच्याचं कर्तव्य आहे आणि वेळ मिळाला नाही म्हणून ते संपत नाही. ही दोन वेगळी देणी आहेत, एकातून दुसरं वळतं होत नाही. आणि यात एक वाईट असमानता आहे: पहिलं चुकवणाऱ्याला काही होत नाही, दुसरं पाळणाऱ्याला मात्र त्याच दिवशी काहीतरी होतं. निदान तुच्छतेचा एक कटाक्ष तरी.

हा कटाक्ष मी ओळखतो. रोज सकाळच्या स्टँडअपमध्ये 'कालच्याच गोष्टीवर अडकलोय' हे वाक्य किती महाग असतं ते आयटीतल्या कुणालाही विचारा. मी आधी होतो त्या एका कंपनीत एका सहकाऱ्याने दोन दिवस एकाच ओळीवर घालवले, कारण ती ओळ का आहे हे त्याला कळल्याशिवाय काढायची नव्हती. बोर्डवर त्याच्या नावापुढे दोन दिवस शून्य. त्याच टीममध्ये दुसऱ्याने तसलीच ओळ उडवली, टेस्ट पास झाल्या, टाळ्या मिळाल्या. आमच्याकडे तर जबरदस्तीला अधिकृत शब्दच आहे. गिटमध्ये पुश होत नसेल तर पुढे 'फोर्स' लिहायचं, की झालं. फरक असा की आमच्याकडे मागची प्रत कुठेतरी पडलेली असते, मागे जाता येतं. धातूला कंट्रोल-झेड नाही. आणि मला भीती वाटते ती याची की मागे जाता येण्याच्या सवयीत वाढलेली आमची पिढी आता अशाही कामांचं व्यवस्थापन करतेय जिथे मागे जाता येत नाही, आणि तिथेही डॅशबोर्ड तोच आहे. हिरवं, पिवळं, लाल. अडकलेला बोल्ट त्यावर फक्त लाल दिसतो. नीट अडकलाय की वाईट अडकलाय, ते दिसत नाही.

बरं, वरच्याला वेळ विकत घ्यायला पैसे देतं कोण? थोडे तुम्ही, थोडा मी. पुणे-दिल्ली तिकीट शोधताना आपण 'सगळ्यात स्वस्त आधी' हे बटण दाबतो आणि तीनशे रुपयांसाठी पहाटे चारला उठतो. त्या यादीत 'या विमानाच्या इंजिनावरच्या माणसाला चहाला जायची मुभा होती का' असा फिल्टर नसतो. असता तरी मी वापरला असता का? महिन्याच्या पंचवीस तारखेला तर नक्कीच नाही. म्हणूनच हे बाजारावर न सोडता नियमांनी बांधावं लागतं, कमीत कमी तास, दुसरी सही, सक्तीने कळवणं. नियमांमुळे काम महाग होतं अशी ओरड होते तेव्हा ते महाग होणं म्हणजेच तो विकत घेतलेला धीर असतो.

मित्राकडे मागच्या महिन्यात एक स्टड तुटला. तेल, उष्णता, हलके ठोके, सगळं मॅन्युअलप्रमाणे करूनही केसिंगच्या आत तुटला. तो सांगत होता की त्या क्षणी त्याच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती भीतीही नाही, तर हिशेब: शिफ्ट संपायला चाळीस मिनिटं आहेत आणि पुढच्या शिफ्टला हे उघडच दिसणार नाही. त्याने नॉन-रुटीन कार्ड काढलं. इनचार्ज आला, वाकून पाहिलं, कपाळाला हात लावला, काही बोलला नाही. इंजिनिअरिंग विभागाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, ईडीएम मशीनची वेळ तिसऱ्या दिवशी मिळाली. इंजिन उशिरा गेलं. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी ओरडलंही नाही. ओरडलं नाही याचंच त्याला आश्चर्य वाटत होतं. फोनवर तो तेच पुन्हा पुन्हा सांगत होता.

फ्लँजवरच्या जागा ते घड्याळासारख्या मोजतात. त्याचा स्टड सातच्या जागी होता. कार्डावर तेवढंच आहे, जागा सात, काढताना तुटला, खाली त्याची सही आणि वेळ.